दिवा लागतो, मग सेल्फ का लागत नाही?

चावी फिरवली. पुढचा दिवा झगझगीत लागला. हॉर्न दाबून पाहिला, तोही खणखणीत वाजला. मग सेल्फचे बटन दाबले, तर सीटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन ढिम्म हलले नाही. अशा वेळी भोवती जमलेल्या चार माणसांपैकी तिघे म्हणतात, “बॅटरी गेली.” चौथा म्हणतो, “बॅटरी कशी जाईल? दिवा लागतोय ना!” विद्यार्थी मित्रांनो, गंमत अशी की या चौघांपैकी एकाचेही म्हणणे तर्काला धरून नाही. दिवा लागतो म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही. आणि सेल्फ लागत नाही म्हणून ती वाईटही ठरत नाही.

मग खरे काय ते कसे ठरवायचे? त्याला लागणारे ज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्हांला पाठ असेल : विभवांतर म्हणजे विद्युत्प्रवाह गुणिले रोध. परीक्षेत त्यावर एक उदाहरण येते, आपण ते सोडवतो आणि विसरून जातो. तोच नियम आणि एक साधा मल्टिमीटर, एवढ्या सामग्रीवर सेल्फची बहुतेक दुखणी शोधून काढता येतात.

हा विषय मी ‘कस्टम’ मोटारसायकलीच्या निमित्ताने मांडणार आहे. कस्टम मोटारसायकल म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी सोडवून, आपल्या आवडीप्रमाणे पुन्हा बांधलेली गाडी. सीट खाली घ्यायची, हँडल बदलायचे, बाजूच्या पेट्या काढून टाकायच्या, चौकटीला नवा रंग द्यायचा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस वाढली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत आणि इतर शहरांतही अशी कामे करणारी गॅरेजे आहेत, आणि त्यांचे आवडते वाहन म्हणजे बुलेट. (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचे बंधन आहे, हे हौशी लोक सोयीस्करपणे विसरतात. तुम्ही विसरू नका.) अशी गाडी दिसायला देखणी असते, पण ती बांधताना बॅटरी हलवलेली असते, तारा तोडून जोडलेल्या असतात, अर्थिंगच्या जागा रंगवलेल्या असतात. म्हणून सेल्फचे दुखणे या गाड्यांत हमखास आढळते, आणि आपल्याला अभ्यासाला उत्तम उदाहरण मिळते.

पाच अँपिअर आणि शंभर अँपिअर

आधी चौथ्या माणसाचे म्हणणे तपासू. पुढचा दिवा समजा ६० वॉटचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर प्रवाह घेतो. सेल्फची, म्हणजे स्टार्टरची मोटर किती घेते? तिला नुसते फिरायचे नसते. इंजिनाच्या सिलिंडरमधली हवा दाबून दट्ट्या वरच्या टोकापलीकडे न्यायचा असतो. ३५० घनसेंटिमीटरच्या बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या इंजिनात हे काम बरेच जड असते. त्यासाठी ही मोटर काही क्षण १०० अँपिअरच्या आसपास आणि सुरुवातीच्या झटक्याला त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. म्हणजे दिव्याच्या निदान वीस पट!

एवढीशी मोटर इतका प्रवाह सोसते कशी? ती सोसत नाही, हेच उत्तर आहे. दोन-तीन सेकंदांसाठीच तिच्यावर हा भार असतो. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी मोटर तयार केली होती. थोडा वेळच काम करायचे असेल तर छोट्या मोटरकडून तिच्या मगदुरापेक्षा पुष्कळ जास्त काम घेता येते, हे त्याने तेथे ओळखले. त्याच विचारातून त्याने १९११ साली मोटारगाडीचा विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. त्यापूर्वी हँडल मारून इंजिन फिरवावे लागे आणि हँडल उलटले तर मनगट मोडे. बटन सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. त्याचे कारण आता कळले असेल.

आता या शंभर अँपिअरचा प्रवासमार्ग पाहा. बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार रिलेपर्यंत जाते. रिले म्हणजे विद्युत्चुंबकाने बंद होणारा एक दणकट स्विच. हँडलवरचे बटन त्या चुंबकाला किरकोळ प्रवाह देते आणि चुंबक मोठा प्रवाह जोडून देतो. रिलेपासून दुसरी जाड तार मोटरकडे जाते. प्रवाह मोटरमधून तिच्या धातूच्या अंगात, तेथून इंजिनाच्या कवचात, आणि कवचातून अर्थच्या तारेने किंवा गाडीच्या चौकटीतून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो. मेकॅनिक याला ‘अर्थ’ म्हणतात खरे, पण त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असते. येथे ‘अर्थ’ म्हणजे परतीची वाट. आणि ही परतीची वाट लोक नेमकी विसरतात.

या संपूर्ण वाटेवर कोठेही एक दशांश ओहमचा रोध शिरला तर काय होईल? ५ अँपिअरच्या दिव्याला ०.५ व्होल्ट कमी मिळेल. दिवा किंचित मंद होईल आणि ते आपल्या लक्षातही येणार नाही. पण १०० अँपिअर वाहू पाहतील तर त्याच एक दशांश ओहमवर १० व्होल्ट खर्ची पडतील! बाराच्या बॅटरीतले दहा वाटेतच गेले तर मोटरला काय उरणार? अर्थात मग १०० अँपिअर वाहतच नाहीत. दिवा लागतो आणि सेल्फ लागत नाही, त्याचे सगळे रहस्य या एका गुणाकारात आहे.

बॅटरीच्या पोटातला रोध

वाटेवरचा पहिला रोध बॅटरीच्या पोटातच असतो. शिशाच्या आम्लयुक्त बॅटरीचा शोध गास्टोन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. तिच्या प्रत्येक घटाचे विद्युत्चालक बल सुमारे २.१ व्होल्ट असते, आणि असे सहा घट एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट होतात. बॅटरी वापरली जाते तसतशी दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि सल्फ्युरिक आम्ल पातळ होते. बॅटरी लगेच भारित केली तर हा थर पुन्हा विरघळतो. पण ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर सल्फेटचे मोठे, टणक स्फटिक बनतात आणि ते सहजी जात नाहीत. मग पट्टीचा उपयोगी पृष्ठभाग घटतो आणि अंतर्गत रोध वाढतो.

चांगल्या छोट्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या एक-दोन शतांशांइतकाच असतो. तो ०.०२ ओहम धरला तर १०० अँपिअर देताना बॅटरीच्या पोटात २ व्होल्ट खर्ची पडतात आणि टोकांवर १०.६ उरतात. म्हाताऱ्या बॅटरीत तो ०.१ ओहम झाला असेल तर स्वस्थ असताना ती १२.५ व्होल्ट दाखवील, दिवाही लावील, पण बटन दाबताच टोकांवरचे विभवांतर ६-७ व्होल्टपर्यंत कोसळेल. म्हणून बॅटरीची परीक्षा ती काम करीत असताना घ्यायची. पैलवान अंथरुणावर निजला असताना त्याची ताकद कळत नाही.

तरीही पहिले मोजमाप स्वस्थ बॅटरीचेच करा. गाडी चार-पाच तास उभी असावी. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भारित, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्जरवर लावा. उपाशी बॅटरीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. मग बटन दाबून मोजा. आकडा साधारण १० व्होल्टच्या वर टिकून राहिला आणि इंजिन जोमाने फिरले, तर बॅटरी ठीक. ९ च्या खाली घसरला तर बॅटरी संशयास्पद.

एक इशारा देतो. गाडी हलकी व्हावी आणि बॅटरी सीटखाली दिसू नये म्हणून कस्टम गाड्यांत लिथियमची बॅटरी बसवतात. तिला वरचे आकडे लागू नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार घट असलेली भारित बॅटरी स्वस्थ असताना १३.३ व्होल्टच्या आसपास दाखवते, तिने १२.८ दाखवले तर ती बरीच उतरली आहे असे समजावे.

दोन बॅटऱ्या गेल्या, त्यानंतर

आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला कामाला आहे. वडिलांनी २०११ साली घेतलेली बुलेट त्याने एका गॅरेजातून कस्टम करून घेतली. चौकटीला पावडर कोटिंगचा काळा रंग, बॅटरी बाजूच्या पेटीतून काढून मागे सीटखाली, पाय पुढे ठेवण्याची नवी पायटी. आणि त्या पायटीला अडतो म्हणून किकचा दांडा काढून टाकलेला. म्हणजे गाडी चालू करायची तर सेल्फनेच. तीन महिन्यांत सेल्फ रुसू लागला. रात्री साडेदहाला पाळीवर निघायचे आणि पावणेदोनशे किलोची गाडी ढकलत सुटायचे. दोनदा पाळी चुकली, पगार कापला गेला. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले. पुन्हा तेच. दुसरी नवी बॅटरी घातली. आता स्टार्टर मोटर बदलायला सांगितले होते, आणि तो गाडीच विकायच्या विचारात होता.

मी त्याला म्हटले, “विकण्याआधी चार आकडे घेऊ.” मल्टिमीटर २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवला. गाडी न्यूट्रलमध्ये, मुख्य स्टँडवर. बटन त्याने दाबायचे, तेही दोन-तीन सेकंदच. आकडे मी वाचायचे.

स्वस्थ बॅटरी : १२.६ व्होल्ट. बटन दाबताना बॅटरीच्या दोन टोकांवर : ११.२ व्होल्ट. ‘टक्’ झाले, मोटर फिरली नाही.

येथे जरा थांबा आणि विचार करा. बॅटरी दुबळी असती तर हा आकडा ८-९ च्या खाली कोसळला असता. तो ११.२ वर टिकला, याचा अर्थ बॅटरीकडून पुरेसा प्रवाह मागितलाच जात नाही. वाटेत कोणीतरी अडवतो आहे. दोन नव्या बॅटऱ्यांचे पैसे फुकट गेले हे या एका आकड्यानेच सांगितले.

अडवतो कोण? ते शोधायची युक्ती सोपी आहे. वाटेच्या ज्या तुकड्याचा संशय असेल त्याच्या दोन टोकांना मीटरची दोन टोके लावायची आणि बटन दाबायचे. चांगल्या जाड तारेच्या दोन टोकांमध्ये विभवांतर जवळजवळ शून्य असले पाहिजे. जेथे व्होल्ट दिसतील तेथे चोर. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या टोकापर्यंत, रिले धरून, मोजले : ०.४ व्होल्ट. ठीक, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या उघड्या कवचापर्यंत मोजले. येथे ०.२ च्या आत असायला हवे. मीटरने दाखवले ६.५ व्होल्ट!

परतीच्या वाटेवर निम्म्याहून अधिक व्होल्ट खर्ची पडत होते. बॅटरीची ऋण तार नव्या जागी चौकटीला बोल्टने आवळली होती. बोल्टखाली पावडर कोटिंगचा थर तसाच होता. हा थर म्हणजे प्लास्टिकच. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, पण वीज अडवायला पुरेशी. प्रवाह फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता, आणि इंजिनही रंगवलेल्या चौकटीवरच बसलेले होते.

आता गणित करू. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरू. विभवांतर १२.६ वरून ११.२ झाले, म्हणजे १.४ व्होल्टची घट. १.४ भागिले ०.०२ म्हणजे ७० अँपिअर. तेव्हा अर्थच्या सांध्याचा रोध ६.५ भागिले ७०, म्हणजे सुमारे ०.०९ ओहम. मोटरला मिळाले ११.२ वजा ०.४ वजा ६.५, म्हणजे अवघे ४.३ व्होल्ट. सांध्यावर खर्च होणारी शक्ती ६.५ गुणिले ७०, म्हणजे ४५५ वॉट; घरातल्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी! तीन-चारदा बटन दाबल्यावर त्या बोल्टला बोट लावले तेव्हा चटकाच बसला. मीटर नसेल तर हीदेखील एक परीक्षा आहे : जो सांधा तापतो तो दोषी.

आणि तो सांधा नसता तर? मोटर अडकलेली असताना तिचा रोध ४.३ भागिले ७०, म्हणजे ०.०६ ओहम. बॅटरी आणि धन बाजूच्या तारा मिळवून सगळा रोध ०.०८७ ओहमच्या जवळ. १२.६ भागिले ०.०८७ म्हणजे सुमारे १४५ अँपिअर. म्हणजे रंगाच्या त्या थराने प्रवाह निम्म्यावर आणला होता. या मोटरीत कायमचुंबक असतात, त्यामुळे तिचा पीळ प्रवाहाच्या प्रमाणात असतो. निम्म्या पिळाने दट्ट्या दाबाच्या टोकापलीकडे जात नाही. मोटर जागच्या जागी कण्हते. मधले पंधरा दिवस गाडी का चालली, तेही उघड आहे. बॅटरी बदलताना बोल्ट सोडवून पुन्हा आवळला गेला, आट्या थोड्या घासल्या, सांधा तात्पुरता सुधारला. श्रेय मात्र नव्या बॅटरीला मिळाले.

उपाय तासाभराचा. बोल्टखालचा रंग काचकागदाने घासून चकचकीत धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला, आणि बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या कवचापर्यंत एक जाड तांब्याची पट्टी टाकली. गंज चढू नये म्हणून सांध्यावर पेट्रोलियम जेली. बटन दाबताच इंजिन सुरू झाले. पुन्हा आकडे घेतले : परतीच्या वाटेवर ०.१ व्होल्ट, आणि बॅटरीच्या टोकांवर १०.६.

तो जरा बिचकला. “सर, आधी ११.२ होते, आता १०.६ झाले. बॅटरी बिघडली की काय?”

प्रश्न फार चांगला होता. आता मोटरला हवा तेवढा प्रवाह मिळू लागला, म्हणून बॅटरीच्या पोटात जास्त व्होल्ट खर्च होतात : २ भागिले ०.०२, म्हणजे १०० अँपिअर. १४५ का नाहीत? कारण फिरणारी मोटर स्वतःच जनित्रासारखी वागते आणि विरोधी विद्युत्चालक बल निर्माण करते. आधीचा मोठा आकडा आजारपणाचा होता. हा लहान आकडा कामाचा आहे.

हा दोष मल्टिमीटरच्या ओहमच्या टप्प्यावर सापडला नसता, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध एक-दोन दशांश ओहम असतो, त्यात ०.०९ ओहम कोठे दिसणार? शिवाय तारेतले पन्नास धागे तुटून एकच उरला असला तरी मीटरच्या किरकोळ प्रवाहाला तो एक धागा पुरतो. व्होल्टमापनात प्रत्यक्ष मोठा प्रवाह वाहत असतो, म्हणून खोटे बोलायला वाव नाही.

तारांच्या जाडीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. बॅटरी लांब नेली की तार लांबते, आणि पुष्कळदा हाताशी असेल ती तार वापरली जाते. घरातल्या पॉवर पॉइंटला वापरतात त्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. १०० अँपिअरला एका मीटरमागे ०.७ व्होल्ट गेले. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.१ व्होल्टच जातात. तांब्याची रोधकता घेऊन हे दोन्ही आकडे तुम्हीच पडताळून पाहा.

आवाज ऐका

मीटर हातात घेण्यापूर्वी कानही बरेच सांगतो. ‘टक्’ असा एकच आवाज म्हणजे रिलेचा चुंबक ओढला गेला, पण मोटरला पुरेसा प्रवाह मिळाला नाही. वरच्यासारखी तपासणी करायची. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरली आहे. याचे कारण मजेदार आहे. रिले जोडला गेला की मोटर प्रवाह ओढते, बॅटरीचे विभवांतर कोसळते, चुंबक दुबळा होऊन रिले सुटतो. मोटर तुटताच विभवांतर पुन्हा वर येते आणि रिले पुन्हा जोडला जातो. शाळेच्या विजेच्या घंटेत हातोडी अशाच चक्रात सापडलेली असते.

काहीच आवाज नाही? मग दोष छोट्या प्रवाहाच्या वाटेवर. फ्यूज, इंजिन बंद करण्याचा स्विच, क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विच, बटन हे सर्व क्रमाने पाहायचे. कस्टम गाडीत तारा हँडलच्या नळीतून ओवलेल्या असतात आणि नळीच्या धारेवर त्या कापल्या जातात. हँडल एका बाजूला वळवले की सेल्फ लागतो आणि दुसरीकडे वळवले की लागत नाही, असे झाले तर जागा सापडलीच म्हणा. मोटर भर्रकन फिरते पण इंजिन फिरत नाही, तर दोष विजेचा नाही. एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो आहे. ते काम मेकॅनिकचे.

सेल्फ आज लागतो, पण दर आठवड्याला बॅटरी उतरते, अशीही तक्रार असते. इंजिन चालू करून थोडी गती द्या आणि बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. १२ च्या घरातच राहिले तर जनित्राच्या वेटोळ्यात किंवा रेग्युलेटरमध्ये दोष; १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी उकळून मरेल. चार्जिंग ठीक असेल तर चोरटा प्रवाह पाहा : गाडी बंद, ऋण तार सोडवलेली, आणि मधल्या जागेत मिलिअँपिअरच्या टप्प्यावर मीटर. (या जोडणीत चावी फिरवू नका आणि बटन तर मुळीच दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) चोरीचा अलार्म किंवा जागा दाखवणारे यंत्र ५० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. १४ अँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत निम्मी.

हे प्रयोग वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेसावध राहतात. पण ०.०२ ओहमच्या बॅटरीच्या टोकांवर पाना आडवा पडला तर १२.६ भागिले ०.०२, म्हणजे ६०० अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. पाना लाल होतो. बोटात अंगठी असेल तर तीही. म्हणून बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवायचे आणि जोडताना शेवटी जोडायचे, म्हणजे पाना चौकटीला लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. बॅटरी भारित होताना हायड्रोजन निघतो, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. आम्ल डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

करून पाहा

मोटारसायकल नसली तरी बिघडत नाही. भिंतीवरच्या घड्याळातून एक जुना पेन्सिल सेल काढा आणि दुकानातून एक नवा आणा. १० ओहमचे दोन रोधक समांतर जोडून ५ ओहमचा भार तयार करा. प्रत्येक सेलचे विभवांतर आधी मोकळे मोजा, मग भार जोडून चटकन मोजा. भार जोडल्यावरचा आकडा भागिले ५ म्हणजे प्रवाह; दोन आकड्यांतील फरक भागिले प्रवाह म्हणजे सेलचा अंतर्गत रोध. समजा जुन्या सेलने मोकळा १.३० आणि भारावर ०.६५ व्होल्ट दाखवले, तर प्रवाह ०.१३ अँपिअर आणि अंतर्गत रोध ५ ओहम. असा सेल टॉर्च पेटवू शकत नाही, पण घड्याळ अत्यल्प प्रवाह घेते म्हणून ते चालत राहते.

आणि हे एक उदाहरण. एका गाडीची स्वस्थ बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते. बटन दाबल्यावर बॅटरीच्या टोकांवर ११.९ व्होल्ट, रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये ९.२, धन बाजूच्या तारांवर मिळून ०.२ आणि ऋण टोक ते इंजिनाचे कवच यांमध्ये ०.१ व्होल्ट आहेत. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम आहे. दोष कोठे? प्रवाह किती? मोटरला किती व्होल्ट मिळाले? दोषी जागी किती वॉट खर्च होतात?

(उत्तर : रिलेचे आतले संपर्क जळाले आहेत, ४० अँपिअर, २.४ व्होल्ट, ३६८ वॉट.)